मनोरीच्या खाडीत ॲल्युमिनियमची बोट आली, तर तिची भेग कोण सांधणार?

मुंबईच्या वॉटर मेट्रोच्या बातम्या २०२५ पासून येत आहेत. कोचीची वॉटर मेट्रो उभी करणाऱ्या कोची मेट्रो रेल लिमिटेडलाच राज्य सरकारने मुंबईचा अभ्यास करायला सांगितलं, आणि जो प्राथमिक आराखडा चर्चेत आला त्यात सुमारे २५० किलोमीटरचे जलमार्ग, २९ टर्मिनल आणि १० मार्ग आहेत. वैतरणा, वसई, ठाणे, पनवेल आणि करंजा यांच्या जोडीने त्या यादीत मनोरीचंही नाव आहे. मार्वे-मनोरी फेरीने जे रोज जा-ये करतात त्यांना या बातमीचं अप्रूप वाटणं साहजिक आहे. पलीकडचं गाव समोर दिसतं, पण रस्त्याने जायचं तर भाईंदर-उत्तनवरून भलामोठा वळसा घ्यावा लागतो. म्हणून माणसं, मासळीच्या टोपल्या आणि दुचाक्या सगळे एकाच बोटीत.

बातम्यांमध्ये चर्चा असते ती तिकिटाची, टर्मिनलची आणि बॅटरीची. माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. माझी डिग्री मेकॅनिकलची आणि पोट भरतो कोड लिहून (महाराष्ट्रात ही जमात किती मोठी आहे ते सांगायला नको), त्यामुळे कुठलीही नवी गाडी किंवा बोट दिसली की हिची दुरुस्ती कोण आणि कुठे करणार हा प्रश्न आधी पडतो. कोचीच्या बोटी ॲल्युमिनियमच्या आहेत. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या, दोन अंगांच्या, म्हणजे कॅटामरान पद्धतीच्या. तोच नमुना मुंबईत आला तर मनोरीच्या खाऱ्या वाऱ्यात ॲल्युमिनियमच्या बोटी रोज धक्क्याला लागतील, आणि कधी ना कधी कुणाच्या तरी पत्र्याला भेग पडेल.

तेव्हा काय? याचं एक उत्तर गेली काही वर्षं जगभर चर्चेत आहे: उचलून नेता येईल असं फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं यंत्र. 'न वितळवता जोडणारं वेल्डिंग, तेही जागेवर' अशी त्याची जाहिरात होते. ती कितपत खरी आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर तिचा काय उपयोग, ते बघू.

आज मनोरीत बोट कशी दुरुस्त होते

लाकडी होडी असेल तर ती ओहोटीला किनाऱ्यावर ओढतात, कुजलेली फळी काढून नवी बसवतात आणि फटी बुजवतात. फायबरची असेल तर खराब भाग घासून काढायचा, काचेच्या धाग्यांची मॅट लावायची, रेझिन ओतायचं आणि वाळू द्यायचं. हे काम करणारे हात गावातच आहेत. लोखंडी काही असेल तर वेल्डर मशीन घेऊन येतो, इलेक्ट्रोड लावतो आणि तासाभरात काम उरकतो. तिन्ही ठिकाणी दुरुस्तीचं सामान एका टेंपोत मावतं आणि कसब जवळच्या जवळ मिळतं. ही फार मोठी गोष्ट आहे, आणि नवीन तंत्रज्ञान आणताना ती हमखास विसरली जाते.

ॲल्युमिनियम या तिघांपेक्षा हट्टी आहे. बोट बांधायला ते उत्तम. त्याची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश आहे, आणि बॅटरीवर चालणाऱ्या बोटीत प्रत्येक किलो मोजावा लागतो. पण वेल्डिंगच्या वेळी ते छळतं. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. आतला धातू ६६० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, तर हा थर २००० अंशांच्या वर. म्हणजे साल शाबूत आणि आतला गर पाणी, अशी गत. शिवाय उष्णता लोखंडाच्या दुपटीहून जास्त सहजतेने पसरते, त्यामुळे एका जागी ताव धरणं कठीण जातं. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषून घेतं आणि थिजताना तो बुडबुड्यांच्या रूपात आत अडकतो. जुलै महिन्यात मनोरीच्या धक्क्यावर ओलावा किती असतो, ते वाळत घातलेले कपडे सांगतील.

हे टाळायला ऑरगॉन वायूचं आवरण देऊन वेल्डिंग करतात, मिग किंवा टिग पद्धतीने. पण वारा आला की वायू उडून जातो. अमेरिकन वेल्डिंग संहितांमध्ये यासाठी ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. त्याहून जास्त वारा असेल तर आडोसा करा, नाहीतर काम थांबवा. आपल्या किनाऱ्यावर दुपारी एवढा वारा नसेल तर लोक हवा पडली म्हणतात.

आणि सगळं नीट केलं तरी एक किंमत मोजावीच लागते. नौकांसाठी ५०८३ नावाचा मिश्रधातू सर्रास वापरतात. त्यात चार ते पाच टक्क्यांच्या दरम्यान मॅग्नेशियम असतं, आणि पत्रा कारखान्यात लाटताना त्याला जादा ताकद येते. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाशेजारच्या पट्ट्यात ही कमावलेली ताकद जाते. पत्रा कायमचा वाकायला लागण्याची हद्द डिझाइनमध्ये मूळ पत्र्यासाठी २१५ मेगापास्कल धरली, तर वेल्डिंगशेजारी साधारण १२५ धरतात.

कणकेच्या दोन पट्ट्या

फ्रिक्शन स्टर वेल्डिंगचं तत्त्व घरच्या ओट्यावर कळतं. कणकेच्या दोन पट्ट्या कडेला कड लावून ठेवा, सांध्यावर बोट रोवा आणि गोल फिरवत पुढे न्या. मागे सांधा उरत नाही, एकजीव कणीक उरते. इथे बोटाच्या जागी हत्यारी पोलादाची, म्हणजे टूल स्टीलची पिन असते आणि तिच्या वर रुंद, चपटा 'खांदा'. पिन धातूत घुसून मिनिटाला काहीशे ते हजारभर फेरे घेते, खांदा वरून दाबून घर्षणाची उष्णता निर्माण करतो. ॲल्युमिनियम ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापून मऊ होतं, पण वितळत नाही. वितळत नाही म्हणून हायड्रोजनचे बुडबुडे नाहीत, ठिणग्या नाहीत, धूर जवळपास नाही, डोळ्यांना जाळणारा आर्क नाही, ऑरगॉनची टाकीही लागत नाही. शेजारचा पत्रा मऊ पडतो, पण कमी.

ही पद्धत १९९१ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळच्या 'द वेल्डिंग इन्स्टिट्यूट' या संस्थेत वेन थॉमस आणि सहकाऱ्यांनी शोधली. तिचा पहिला व्यावसायिक वापर कशासाठी झाला माहीत आहे? मासेमारी बोटींवर मासळी गोठवायला लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पोकळ फळ्या जोडायला. विमान नाही, रॉकेट नाही, मासळी. मनोरीच्या वाचकांना हे आवडेल म्हणून मुद्दाम सांगतोय. पुढे जपानच्या शिंकान्सेन गाड्यांचे डबे, स्पेसएक्सच्या फाल्कन ९ च्या टाक्या आणि २०१२ मध्ये ॲपलचा कडेने पातळ केलेला आयमॅक हे सगळं याच पद्धतीने जोडलं गेलं. जपानने 'ओगासावारा' नावाची १४० मीटर लांबीची वेगवान बोटही याच पद्धतीच्या ॲल्युमिनियम फळ्यांपासून बांधली. २००५ मध्ये ती तयार झाली, पण तेल इतकं महागलं की नियमित सेवेत ती उतरलीच नाही. तंत्रज्ञान पास, हिशेब नापास.

या यादीत एक गोष्ट समान आहे. हे सगळं कारखान्यात झालं. दोन खोल्यांएवढी यंत्रं, जमिनीत रोवलेले पाये, आणि पत्रा लोखंडी पाटावर करकचून आवळलेला. धक्क्याला लागलेल्या बोटीची भेग सांधणं हा निराळाच खेळ आहे.

'पोर्टेबल' म्हणजे नक्की काय

पोर्टेबल म्हटलं की आपण वजनाचा विचार करतो. माझ्या मते इथे गफलत होते. मोटर, गिअर आणि कंट्रोलर हे सगळं लहान करता येतं, आजच्या सर्वो मोटरी त्यासाठी पुरेशा आहेत. खरी अडचण न्यूटनची आहे. आर्क वेल्डिंगचा इलेक्ट्रोड पत्र्याला दाबत नाही, म्हणून माणूस तो हातात धरू शकतो. स्टर वेल्डिंगची पिन ५-६ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमवर साधारण एक ते दीड टनाने दाबावी लागते, कधी त्याहून जास्त. जेवढ्या जोराने यंत्र पत्र्याला दाबेल तेवढ्याच जोराने पत्रा यंत्राला ढकलेल. कारखान्यात हा जोर पाया पेलतो. बोटीवर कोण पेलणार?

म्हणून वाहून नेण्याजोग्या यंत्राला त्या बोटीलाच धरून बसावं लागतं. लोखंडाला चुंबकाने चिकटता येतं, ॲल्युमिनियमला नाही. उरतात शिकंजे, तात्पुरते बोल्ट किंवा निर्वाताचे, म्हणजे व्हॅक्यूमचे चोषक. चोषकाचा हिशेब सोपा आहे. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो. चोषकात त्याच्या ८० टक्के निर्वात मिळाला, तर दीड टनासाठी सुमारे १९०० चौरस सेंटीमीटर लागतात, म्हणजे दीड बाय दीड फुटाहून थोडं कमी. सुरक्षेसाठी अडीच पट धरलं तर जवळपास अर्धा चौरस मीटर. ऐकायला फार वाटत नाही. पण बोटीचा पत्रा काही सपाट ओटा नसतो. त्याला बाक असतो, रंग असतो, आतून दर काही अंतरावर आधाराच्या पट्ट्या असतात आणि दोन पट्ट्यांमधला भाग दीड टनाच्या ओढीने फुगतो. यंत्र पत्र्याला धरतं आणि पत्राच हलतो. मग पिनची खोली बदलते, आणि या पद्धतीत खोलीतला एक-दोन दशांश मिलिमीटरचा फरकही जोड बिघडवू शकतो.

दुसरी अडचण पलीकडच्या बाजूची. वरून दीड टन दाबलं तर खालून तेवढाच आधार लागतो, नाहीतर मऊ झालेला धातू खाली उतरेल. बोटीत आतल्या बाजूला बॅटरीचा कप्पा असेल, पाइप असतील, आसनं असतील. तिथे लोखंडी पाट कसा बसवायचा?

यावर एक नामी तोड आहे. बॉबिन टूल म्हणतात त्याला. दोऱ्याच्या रिळासारखं हत्यार, वर एक खांदा, खाली एक खांदा आणि मध्ये पिन. दोन्ही खांदे पत्र्याला चिमटीत धरतात. वरचा खाली दाबतो, खालचा वर, त्यामुळे बोटीवर येणारा निव्वळ उभा जोर जवळजवळ संपतो. पुढे सरकायला लागणारा जोर उरतो, पण तो कितीतरी कमी. माझ्या समजुतीने जागेवरच्या दुरुस्तीचं भवितव्य इथेच आहे. अडचण एवढीच की बॉबिन मध्येच पत्र्यात घुसू शकत नाही, त्याला सुरुवातीला भोक किंवा कड लागते. आता योगायोग बघा: भेग पुढे पळू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडायची पद्धत दुरुस्तीत आधीपासूनच आहे. तेच भोक पुरेसं मोठं केलं तर तत्त्वतः बॉबिनचं दार होऊ शकतं. खालचा खांदा बसवायला आतून हात पोचला पाहिजे, हे मात्र आलंच. आणि शेवटी हत्यार बाहेर काढल्यावर एक भोक राहतं, ते वेगळ्याने बुजवावं लागतं.

प्रत्यक्ष वेल्डिंगला वेळ फारसा लागत नाही. या मिश्रधातूत मिनिटाला १०० ते २०० मिलिमीटर वेग धरला तर फूटभर भेगेला दोन-तीन मिनिटं. पण रंग खरवडणं, पत्र्याची जाडी मोजणं, भेग नेमकी कुठवर गेलीय ते शोधणं आणि यंत्र बसवून सरळ करणं यात दिवस जाईल. 'जागेवर झटपट दुरुस्ती' हे शब्द वाचाल तेव्हा हे गणित आठवा.

मग एवढा खटाटोप कशाला?

कारण जुनं झालेलं ॲल्युमिनियम साध्या वेल्डिंगला दाद देत नाही. ज्या मिश्रधातूंत मॅग्नेशियम तीन टक्क्यांहून जास्त असतं, त्यात वर्षानुवर्षं उष्णता मिळत राहिली की मॅग्नेशियम कणांच्या सीमांवर येऊन जमतं. ५०-६० अंशांचा तावही पुरतो, म्हणजे उन्हात तापलेला डेकसुद्धा. त्या सीमा मग खाऱ्या पाण्यात आधी झिजतात आणि पत्रा आतून पापडासारखा ठिसूळ होतो. वरून काही दिसत नाही. अशा पत्र्यावर मिग चालवलं की वेल्डिंगशेजारीच नवी भेग जाते. वेल्डर सांधत जातो आणि भेग पुढे सरकत जाते.

अमेरिकी नौदलाने हे पुरेपूर भोगलंय. त्यांच्या टिकॉन्डेरोगा वर्गाच्या युद्धनौकांचा वरचा भाग ५४५६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा आहे. २०१० च्या सुमाराला त्या वर्गातल्या नौकांमध्ये मिळून ३००० हून जास्त भेगा सापडल्याचं जाहीर झालं. २०२२ मध्ये त्यांच्याच ॲल्युमिनियमच्या इंडिपेंडन्स वर्गातल्या काही नौकांना भेगा गेल्याच्या बातम्या आल्या आणि खवळलेल्या समुद्रात त्यांच्या वेगावर मर्यादा घातल्याचंही कळलं. वाहून नेता येणाऱ्या स्टर वेल्डिंगच्या संशोधनाला तिथून पैसा मिळाला तो या दुखण्यापायी. धातू ढवळला जातो तेव्हा सीमांवर जमलेलं मॅग्नेशियम पुन्हा विरघळून सगळीकडे पसरतं, निदान ढवळलेल्या पट्ट्यात तरी. म्हणजे जोड आणि उपचार एकदमच.

कोचीची सेवा एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली. तिथल्या बोटी अजून तरुण आहेत. मुंबईच्या तर कागदावरच आहेत. त्यामुळे हा प्रश्न उद्याचा नाही, पंधरा वर्षांनंतरचा आहे. आणि म्हणूनच तो आज निविदेत लिहिला जाण्याची शक्यता सगळ्यात कमी.

बॅटरीवरच्या बोटीत आणखी एक बारीक फायदा आहे. आर्क वेल्डिंगचा मोठा विद्युतप्रवाह बोटीच्या सांगाड्यातून फिरतो, म्हणून आधी बॅटऱ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स काळजीपूर्वक सोडवून ठेवावं लागतं. स्टर वेल्डिंगमध्ये पत्र्यातून प्रवाह जातच नाही. उष्णतेची काळजी मात्र घ्यावीच लागेल.

पूल, धक्के आणि पुतळे यांचं काय?

हा प्रश्न मला लेख लिहितोय म्हटल्यावर तिघांनी विचारला. मालवणात राजकोट किल्ल्यावरचा शिवपुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळल्यापासून खारी हवा, गंज आणि वेल्डिंग हे शब्द घराघरांत पोचलेत. अंधेरीचा गोखले पूल तर २०१८ पासून बातम्यांत होता. मग हे नवं यंत्र तिथे का नको?

स्पष्ट सांगायचं तर नको. एक म्हणजे लोखंड ढवळायला १००० अंशांच्या आसपास ताव लागतो. त्या तापमानाला टिकणारी पिन टंगस्टन-ऱ्हेनियमची किंवा हिऱ्याखालोखाल कठीण असलेल्या बोरॉन नायट्राइडची करावी लागते. ती महाग, तरीही लवकर झिजणारी. जोरही ॲल्युमिनियमच्या कैक पट. दुसरं कारण त्याहून साधं आहे. गंज म्हणजे धातू नाहीसा होणं. स्टर वेल्डिंगमध्ये बाहेरून काहीच भर पडत नाही, जे आहे तेच ढवळलं जातं. आठ मिलिमीटरचा पत्रा गंजून पाच झाला असेल तर ढवळून तो पाचच राहणार. तिथे पत्रा बदला, बोल्ट लावा, रंग द्या. जुन्या रिव्हेटच्या पुलांना तर ही पद्धत लागूच होत नाही. उद्या कुणी 'कोल्ड वेल्डिंगने मुंबईचे पूल वाचणार' असा व्हिडिओ पाठवला, तर आधी विचारा: पूल कशाचा आहे?

ॲल्युमिनियमच्या बाबतीतही एक स्वस्त प्रतिस्पर्धी आहे. ऑस्ट्रेलियाच्या नौदलाने आपल्या ॲल्युमिनियमच्या भेगाळलेल्या भागांवर कार्बन फायबरची ठिगळं चिकटवून पाहिली आणि अमेरिकेनेही तो मार्ग धरला. घासा, स्वच्छ करा, कापड लावा, रेझिन द्या. ओळखीचं वाटतंय ना? फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे मनोरीतले हात या कामाच्या जवळ आहेत. ॲल्युमिनियमवर रेझिन नीट धरायला पृष्ठभागाची तयारी फार काटेकोर लागते, पण ते शिकवता येतं. पाण्याच्या वरच्या भागातली लहान भेग असेल तर मी आधी ठिगळाचा विचार करेन आणि यंत्र नंतर बोलावेन. पाण्याखालचा पत्रा, मुख्य सांगाड्याजवळचा भाग किंवा परत परत उलणारी भेग असेल तिथे स्टर वेल्डिंगचा खर्च पटेल.

लॉग फाइल कुणाची?

आता माझ्या रोजच्या कामाजवळचा भाग. हाताने केलेलं वेल्डिंग चांगलं झालं की नाही हे वेल्डरच्या हातावर आणि नंतरच्या तपासणीवर ठरतं. स्टर वेल्डिंगचं यंत्र मात्र काम चालू असताना सेकंदाला कित्येक वेळा दाब, टॉर्क, फेरे, वेग आणि खोली नोंदवत असतं. दाब कमी झाला की सॉफ्टवेअर पिन खाली ढकलतं, वाढला की उचलतं. पत्रा हलणाऱ्या बोटीवर या नियंत्रणाशिवाय काम होणारच नाही. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीबरोबर एक फाइल तयार होते.

ही फाइल शोभेची नाही. या पद्धतीत 'किसिंग बॉण्ड' नावाचा एक फसवा दोष असतो: दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेले असतात पण सांधलेले नसतात, मध्ये ऑक्साइडची पुसट रेघ. क्ष-किरणांत तो सहसा दिसत नाही, अल्ट्रासाउंडमध्येही निसटतो. अशा वेळी अमुक सेंटीमीटरवर दाब घसरला होता, ही नोंदच तपासनीसाला 'इथे बघ' म्हणून सांगते. प्रवासी नौकेच्या बाबतीत हा शोधायचाच दोष आहे, कारण टेकलेला जोड शांत पाण्यात टिकतो आणि लाटांच्या हजारो ठोक्यांनंतर सुटतो.

मग ती फाइल कुणाकडे राहणार? यंत्र विकणाऱ्याच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये राहिली आणि उघडायला दरवर्षी परवाना घ्यावा लागला, तर पाच वर्षांनी कंत्राट बदलल्यावर बोटीचा दुरुस्तीचा इतिहासच हरवेल. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हे मी पाहिलंय, कंपनीचं नाव घेत नाही. यात नवं संशोधन काहीच लागत नाही. नोंदी साध्या, खुल्या स्वरूपात बोटीच्या मालकाकडे द्याव्यात, एवढी एक ओळ करारात लागते.

बाकीची चौकट तयारच आहे. ॲल्युमिनियमच्या स्टर वेल्डिंगसाठी आयएसओ २५२३९ हे मानक २०११ मध्ये आलं आणि २०२० मध्ये सुधारलं गेलं. त्यात ऑपरेटरची पात्रता आणि वेल्डिंगची पद्धत कशी मंजूर करायची तेही आहे. जहाजांचं वर्गीकरण करणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगचं मुख्यालय आपल्याच पवईत आहे, शेजारी आयआयटी मुंबई. मूळ पेटंटची मुदतही केव्हाच संपली. मनोरीहून पवई म्हणजे एक फेरी आणि एक बस, फार तर दोन.

तरी मनोरीने स्वतःचं यंत्र घ्यावं असं मी म्हणणार नाही. एका धक्क्यावर वर्षाला अशा कितीशा भेगा येतील? यंत्र धूळ खात पडेल, आणि त्यावर शिकलेला माणूस दुसरी नोकरी धरेल. कोचीच्या पूर्ण आराखड्यात ७८ बोटी आहेत, मुंबईत तेवढ्या आल्या असं धरलं तरी सगळ्या २९ टर्मिनलांना मिळून एखादं यंत्र आणि दोन-तीन शिकलेली माणसं पुरावीत. टेंपोत यंत्र, सोबत तीन फेजचा जनरेटर, आज वसई, परवा मनोरी. पोर्टेबलचा खरा उपयोग मला इथे दिसतो. पुणे मेट्रोचे डबेही ॲल्युमिनियमचे आहेत, तेव्हा राज्यात या कसबाला दुसरं गिऱ्हाईक आधीच हजर आहे. माणसं आयटीआयतून घेता येतील. चांगल्या वेल्डरला धातूचा कल कळतो, आणि स्क्रीनवरचा आलेख वाचायला शिकणं त्यामानाने सोपं. उलट दिशेने, म्हणजे माझ्यासारख्याला धातू शिकवायला, फार जास्त वेळ लागेल.

वॉटर मेट्रोच्या बोटींची निविदा निघेल तेव्हा तिच्यात चार गोष्टी मी शोधणार आहे: पत्र्याचा मिश्रधातू कोणता, तो जुना झाल्यावर किती ठिसूळ झाला हे किती वर्षांनी तपासणार, सांगाड्यावर यंत्र धरायला जागा ठेवल्या आहेत का, आणि आतल्या बाजूला हात पोचेल अशी झाकणं आहेत का. शेवटच्या दोन गोष्टी बोट बांधताना जवळपास फुकटात होतात. नंतर त्यासाठी पत्रा कापावा लागतो.